म्हशीमागच्या तोफा

पुण्याच्या चहूबाजूंना जिथं जिथं म्हणून माणसांनी एकमेकांची डोकी फोडली, त्या प्रत्येक जागेचा एक अत्यंत कंटाळवाणा फोटो माझ्या चुलतसासऱ्यांकडं होता. असा संग्रह दुसऱ्या कुणाकडं नसावा, आणि असलाच तर त्या माणसाकडं पाहुणे जात नसावेत. खडकीचा माळ, हडपसरची शेतं, वडगावकडचा एक ओढा, सिंहगडाच्या पायथ्याची वावरं, सगळीकडं हे गृहस्थ गळ्यात जुना कॅमेरा अडकवून जाऊन आले होते. आणि आणलं काय, तर एक बांध, एक बाभूळ, फार झालं तर एक म्हैस. तेही सगळं कृष्णधवल, म्हणजे म्हशीपुरतं ठीकच होतं.

मी शैलाला बघायला गेलो तेव्हा हे मला प्रथम कळलं. आमच्याकडची मंडळी पोहे खात मुलीची वाट बघत होती आणि या काकांनी, म्हणजे शैलाच्या काकांनी, फोटोच्या कागदाचा एक जुना खोका माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं मुलीचे फोटो असतील. वरचाच उचलला तर म्हैस. "सांगा बरं, इथं काय झालं असेल?" काका म्हणाले. मी म्हटलं, "म्हैस चरतेय." "म्हशीच्या मागं बघा. नीट बघा." मी नीट बघितलं आणि म्हटलं, "मागं काहीच नाही." "तिथं तोफा होत्या," काका म्हणाले आणि खोका उचलून आत निघून गेले. मला वाटलं, स्थळ गेलं. पण ते आत जाऊन वहिनींना, शैलाच्या आईला, म्हणाले होते, "मुलगा चालेल. नाही ते नाही म्हणतो." माझ्या आधी आलेल्या मुलानं त्याच म्हशीकडं बघून "वा, काय वातावरण पकडलंय" असं म्हटलं होतं, आणि त्याला पोह्यांवर चहासुद्धा मिळाला नव्हता म्हणे.

काकांचा बुधवार पेठेत फोटो स्टुडिओ होता. एका बाजूला रेडिओचे सुटे भाग मिळायचे, दुसऱ्या बाजूला परीक्षेची गाइडं, आणि मधे एका माणसाच्या रुंदीचा काकांचा जिना. लग्न त्यांनी केलं नाही. "दुसऱ्यांची इतकी बघितली की हौस फिटली," असं सांगायचे. दोन्ही वेळचं जेवण वहिनींकडं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं. मी नोकरीला लागलो त्या सुमाराला अर्धं पुणं अमेरिकेला निघालं होतं, आणि त्या अर्ध्या पुण्याला व्हिसाचे फोटो लागायचे. कान दिसायला हवेत, हसायचं नाही, हे परदेशी नियम काकांच्या स्वभावाला इतके मानवले की त्यांनी ते घरच्या ग्रुप फोटोंनाही लावले. पण एक होतं. एखादा पोरगा छाती काढून, हनुवटी वर करून ताठ बसला की काका कॅमेऱ्यामागून बाहेर येत. "परदेशी चाललायस, लढाईला नव्हे. खांदे सोड." तो खांदे सोडेपर्यंत ते बटण दाबत नसत. मागं रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेली तरी बेहत्तर.

त्यांचा खरा राग मात्र रोल नीट न बसवणाऱ्यांवर. रोलचं टोक चाकाच्या दातात अडकलं नाही, तर कॅमेरा नुसता टकटक वाजतो आणि आत काही उमटत नाही. महाबळेश्वरहून आलेली नवी जोडपी रोल घेऊन येत आणि तो कोरा निघे. काका त्यांचं सांत्वन वगैरे करत नसत. "लिव्हर ओढली की डावीकडचं बटण फिरतंय का बघायचं. एवढं बघवत नाही त्यानं चित्रं काढावीत," असं म्हणून रोल हातावर ठेवत. नवी नवरी एकदा तिथंच रडायला लागली, तर म्हणाले, "पुन्हा जा. महाबळेश्वर कुठं पळून जात नाही."

रविवारी स्टुडिओ बंद, आणि काका लढाईवर. आधी त्यांच्याबरोबर शैला सायकलच्या दांडीवर बसून जायची. पुढं जावई म्हणून ती कामगिरी मी आणि माझ्या स्कूटरनं पत्करली. त्यांचे नियम होते. एका जागेचा एकच फोटो. कुठं स्मारकाचा दगड असलाच तर त्याचा फोटो काढायचा नाही. त्याला पाठ लावून उभं राहायचं आणि समोर दिसेल ते घ्यायचं. "स्मारकाला काय बघतोस? ते बिचारं इतकी वर्षं काय बघतंय ते बघ." आणि सगळ्यात जाचक नियम म्हणजे फोटो काढायचा तो जागा पूर्ण शांत झाल्यावर. वारा चालेल, गुरं चालतील, पण कुणी तावातावानं बोलत असता कामा नये. हडपसरच्या पुढं एकदा दोन भाऊ बांधावरून भांडत होते. काका छत्री उघडून ढेकळावर बसले. उन्हं चढली, भावांनी एकमेकांच्या आजोबांचा उद्धार केला, म्हणजे एकाच माणसाचा दोनदा केला, तरी हे हलेनात. शेवटी थोरल्यानं विचारलं, "काय पाहिजे हो तुमाला?" काका म्हणाले, "काही नाही. इथली लढाई संपली असं वाचून आलो होतो. तुमचं आवरलं की सांगा." दोघं ओशाळले, त्यांनी आम्हाला हुरडा खाऊ घातला, आणि दिवस कलायला लागल्यावर एकदाचा तो फोटो निघाला. त्यात बांध आहे. भाऊ नाहीत.

पुढं आमची कंपनी त्याच बाजूच्या एका काचेच्या इमारतीत गेली. एका दुपारी मला खालून बोलावणं आलं. जाऊन बघतो तर पार्किंगमध्ये काका उभे, भोवती गर्दी. वॉचमननं त्यांना "किससे मिलना है?" असं विचारलं होतं, आणि काकांनी त्यांच्या पेठी हिंदीत खरं ते सांगितलं होतं: "किसीसे नहीं. इधर लढाई हुआ था." वॉचमन नवा. त्याचा चेहराच उतरला. "कब? मेरी ड्यूटी में?" त्यानं वॉकीटॉकीवरून सुपरवायझरला कळवलं, सुपरवायझरनं वरती कळवलं, आणि वरून एचआरच्या मॅडम पॅड घेऊन उतरल्या. "एक्झॅक्टली कोणामध्ये झालं, सर?" काका म्हणाले, "आपल्याआपल्यातच." मॅडमनी ते लिहून घेतलं. त्या शनिवारी आम्हा सगळ्यांना एकमेकांशी कसं वागावं याचं दिवसभराचं ट्रेनिंग झालं, आणि ते कुणामुळं हे मी निवृत्त होईपर्यंत कुणाला सांगितलं नाही. काकांनी तिथं फोटो काढला नाही. मी म्हटलं, "काका, इतकी शांतता आहे, एसीचा आवाजही बाहेर येत नाही." ते म्हणाले, "ही शांतता नव्हे. नुसता आवाज बंद केलाय."

एवढं सगळं कशासाठी, हे मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी शैलानं सांगितलं. काकांचा थोरला भाऊ, म्हणजे शैलाचे वडील, फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सरहद्दीवर पडले. शैला तेव्हा रांगत होती. अंत्यसंस्कार तिकडंच झाले. इकडं आली ती एक पत्र्याची ट्रंक आणि एका गावाचं नाव. वर्ष उलटल्यावर एकदा जेवायला वाढताना सासूबाईंनी काकांना विचारलं होतं, "भाऊजी, तिथं आता काय असेल हो?" बस, एवढंच. त्या यावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण काकांनी हातातला घास परत पानात ठेवला. मी फोटो काढून आणतो, असं ते बोलून गेले, आणि तेव्हापासून या माणसाचा सराव चालू होता. लढाई होऊन गेलेली जागा कशी दिसते, तिचा फोटो कसा काढायचा, हे हाताला बसलं की पंजाबात जायचं. तो हात काही बसेना. दर वर्षी ते म्हणत, "अजून जमत नाही." मला वाटतं त्यांना भीती वाटत होती. तिथं जाऊन समोर नुसतंच शेत दिसलं तर काय, याची.

सासूबाईंच्या घरी भिंतीवर शैलाच्या वडिलांचा एक फोटो होता. शेवटच्या रजेवर आले तेव्हा काकांनी स्टुडिओत काढलेला. छाती पुढं, हनुवटी वर, डोळे लाकडी. नव्या शतकाची नवलाई ओसरत होती तेव्हाची गोष्ट. सासूबाई एका सकाळी तो फोटो पुसत होत्या, काका पेपर वाचत होते, मीही होतो. सासूबाई सहज म्हणावं तसं म्हणाल्या, "भाऊजी, मला आता एवढाच चेहरा आठवतो. हा फोटोतला. खरा कसा होता ते गेलं. हे असे कधी बसायचेच नाहीत हो." काकांनी पेपर खाली ठेवला. जिना उतरताना ते मला म्हणाले, "तो हसत होता रे. मी म्हटलं, हलू नकोस, फोटो बिघडेल." आणि मग कोपऱ्यावर येऊन म्हणाले, "तिकिटं काढ."

आम्ही दोघंच गेलो. मला कॅमेरा आणायची बंदी होती. गाव सापडलं, कालवा, त्याच्या कडेनं मोहरी, पुढं नजर पोचेल तिथवर गहू. लढाई नेमकी कुठं झाली ते विचारलं तर एका म्हाताऱ्या सरदारजींनी हात नुसता गोल फिरवला. त्या वेळी सगळं गाव उठून गेलं होतं, परत आले तेव्हा शेतात पाय ठेवायची सोय नव्हती, फौजेनं सुरुंग काढून दिल्यावर पुढच्या हंगामाला पहिला गहू पेरला, असं ते सांगत होते. कुठल्या रेजिमेंटची माणसं होती ते त्यांना आठवेना. त्यांच्या सुनेला तर इथं काही झालं होतं हेही नीट ठाऊक नव्हतं. तिनं आम्हाला ताक दिलं आणि पुण्याला पाऊस कसा आहे ते विचारलं. काकांनी कॅमेऱ्यातला जुना रोल काढला. या फोटोच्या शेजारी दुसरं काही नको म्हणाले. नवा रोल भरतानाही ते शेताकडंच बघत होते, मी भरतो म्हटलं तर खेकसले. मग एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, तो लांब जाईपर्यंत थांबले, आणि एकदाच बटण दाबलं. नंतर चपला काढून बांधावर बसून राहिले. परतीच्या गाडीत हा माणूस भावाबद्दल दिल्लीपासून मनमाडपर्यंत बोलत होता. भावानं त्यांचा पहिला कॅमेरा विहिरीत कसा पाडला, आणि मग स्वतःच उडी मारून माशासारखा कसा पकडून आणला, वगैरे. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं.

आम्ही आलो तर सासूबाईंनी भिंतीवर खिळा ठोकून घेतला होता. नवऱ्याच्या फोटोशेजारी, त्याच उंचीवर. कधी नव्हे ते शेजाऱ्यांना सांगून सुतार बोलावला होता.

काका डार्करूममध्ये गेले आणि लगेच बाहेर आले. एवढ्या लवकर काही होत नसतं, मला शंका आलीच. त्यांनी अंधारात कॅमेरा उघडला होता आणि रोलचं टोक त्यांच्या बोटाला लागलं होतं. सुटं. ते दातात अडकलंच नव्हतं. ज्या बटणावरून त्यांनी उभ्या पुण्याच्या नवरानवरीला रडवलं, ते बटण फिरतंय का हे त्या दिवशी त्यांनी बघितलं नव्हतं, कारण त्यांची नजर शेतावरून हलत नव्हती. व्हिसाचे फोटो काढायच्या स्टुलावर ते बसले. मी म्हटलं, पुन्हा जाऊ. ते म्हणाले, "तिनं खिळा ठोकलाय रे." त्या वेळी मला त्यांच्याकडं बघवेना.

मग ते उठले आणि खोके उलटे करायला लागले. गहू हवा, ज्वारी नको. वहिनी शेतकऱ्याची लेक, फसायची नाही. डोंगर नको, विहीर नको, ओळखू येईल असं काही नको. सगळ्या संग्रहात गव्हाचा फोटो एकच निघाला. सिंहगडाच्या वाटेवरचा, कधीकाळी वेढा घालणाऱ्या फौजेची छावणी होती म्हणतात तिथला. मागं धायरी असं लिहिलेलं. मी म्हटलं, "काका, धायरी आईंचं माहेर." ते म्हणाले, "केवढी मोठी धायरी, आणि त्या कधीच्या सुटल्या तिथून." एन्लार्जरखाली फोटो मोठा करताना त्यांनी अख्खा सिंहगड कापून टाकला. उरला गहू, एक बांध आणि कोपऱ्यात एक बोरीचं झाड.

सासूबाईंनी तो फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. मग विचारलं, "पाणी विहिरीचं का कालव्याचं?" काका म्हणाले, "कालव्याचं." "बरं," म्हणाल्या आणि फोटो खिळ्याला लावला. "शांत आहे," म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी गोड केलं होतं. काकांनी पानात टाकलं नाही, पण कसं गिळलं ते मला ठाऊक.

त्यानंतर काका बदलले. जेवायला येत, पण त्या भिंतीकडं पाठ करून बसत. रविवारी बाहेर पडेनात. मी स्कूटर विकून गाडी घेतली होती, म्हटलं वाघोलीकडं जाऊ, तिथंही इमारती व्हायच्या आत एखादा फोटो घेऊन ठेवा, तर म्हणाले, "लढाया पुरे झाल्या." डिजिटल कॅमेरे आले, त्यात रोलच नसतो, त्यामुळं कोरा निघायची सोयही नाही. काकांनी तसला एक कॅमेरा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "माणसाला थोडा धाक पाहिजे." पुढं स्टुडिओही बंद केला.

आणि मग एका रविवारी सासूबाई मेथी निवडत होत्या, शैला शेजारी बसली होती. काका भिंतीकडं पाठ करून बसल्या बसल्या म्हणाले, "वहिनी, तो फोटो तिथला नाही."

सासूबाईंनी हातातली काडी खुडली. "मला ठावं हाय," म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून गावाकडचं 'हाय' ऐकलं नव्हतं.

काका वळले. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. आमच्या थोरल्या चुलत्याचं वावर हाय ते. ही बोर. कालव्याचं पाणी म्हणालात तवा हसू आलं मला, भाऊजी. आमच्या आज्यानं खोदलेली विहीर हाय मागं."

"मग बोलला का नाहीत? मी इतकी वर्षं..."

"काय बोलू? तुम्ही दमून आला होता." त्या उठल्या आणि फोटोजवळ गेल्या. "लग्न ठरलं, आन हे एकदा कुणाला न सांगता सायकलवर आले धायरीला. हितं बसले होते बांधावर. सायकल आडवी टाकलेली. घामानं भिजलेले, टोपीनं वारा घेत. मी भाकरी घेऊन चालले होते, तर उठून पळायला लागले आन सायकलीत पाय अडकून पडले. पडल्या पडल्या हसले." त्यांनी ओलं बोट काचेवर टेकवलं. "खरा चेहरा गेला म्हणाले होते ना मी? तुम्ही हे आणून दिलंत आन तो परत आला. रोज दिसतो. तिकडं काय, तिकडं ते मेले. हितं बसले होते."

शैला उठून तिथं गेली. तिला बाप आठवतच नव्हता. "कुठं, आई?" तिनं विचारलं, आणि आईनं तिचं बोट धरून त्याच जागी ठेवलं.

काकाही उठले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, डोळेही त्याच टोकानं पुसले, आणि काचेला नाक लागेल इतकं जवळून त्या कोपऱ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "अगदीच कडेला आलाय हो. आधी सांगितलं असतंत तर मधे घेतला असता."

त्या दिवशी ते भिंतीकडं तोंड करून जेवले.

आता दोघंही नाहीत. धायरीच्या त्या वावरात मोठमोठे टॉवर झालेत, बोर नाही, विहीर बुजवली. परवा मी तिथून गेलो तर कुठल्या तरी मजल्यावर कुणी चादरी वाळत घालत होतं. फोटो आमच्या वाघोलीच्या घरी आहे. काकांचे खोके माळ्यावर आहेत, आणि त्यातल्या निम्म्या जागा कुठल्या ते मलाही आता सांगता येत नाही. ते असते तर एकेका म्हशीवरून सांगितलं असतं. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः रविवारी. घरी आलेलं कुणी त्या गव्हाकडं बघून विचारतं, "हे कुठलं? काय आहे इथं?" तेव्हा मी शैलाकडं बघतो. शैला सांगते, "माझे बाबा." त्यांना काही दिसत नाही, ते संकोचून चष्मा सारखा करतात. मग शैला म्हणते, "कडेला बघा. नीट बघा."